‘समजलं’ म्हणतात आणि पेपर कोरा ठेवतात

मॅडम, नमस्कार.

मी सांगली जिल्ह्यातल्या एका कॉलेजात एमएस्सी गणिताच्या दुसऱ्या वर्षाला आहे. संध्याकाळी बारावीच्या दोन मुली आणि एफवाय बीएस्सीची तीन मुलं माझ्याकडे शिकवणीला येतात. शिवाय यंदा आमच्या सरांनी एफवायच्या प्रॅक्टिकलच्या बॅचला मदतीला ये म्हणून सांगितलं. जर्नल तपासायची, मुलं अडली की बघायचं आणि सरांना परीक्षेचं काम निघालं तर एखादा तासही घ्यायचा. मला शिक्षकच व्हायचंय, म्हणून मी खुशीनं हो म्हटलं.

पण आता मन खट्टू होतंय. शिकवणीतली मुलं ‘ताई, किती छान सांगता’ म्हणतात, माना डोलावतात आणि चाचणीत तोच प्रश्न कोरा सोडून येतात. बॅचमधली मुलं माझ्यापेक्षा तीन-चार वर्षांनीच लहान. काही ताई म्हणतात, काही मॅडम, दोघंतिघं नुसतंच ‘ओ’ करून हाक मारतात. त्यातलं कुणी म्हणतं, ‘सरांचं काही कळत नाही, तुम्हीच सांगा.’ सरांची पद्धत मलाही सगळी पटत नाही, पण तसं बोलणार कसं? मैत्रिणी म्हणतात, हे फुकटचं राबणं सोड आणि सेट-नेटचा, म्हणजे प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षांचा, अभ्यास कर. खरं सांगा, यातनं मी शिक्षक होतेय, की नुसतीच दमतेय?

— तळ्यात-मळ्यात

प्रिय तळ्यात-मळ्यात,

दमत असशील यात शंकाच नाही. स्वतःचे तास, मग बॅच, मग शिकवणी आणि रात्री जेवणं आटोपल्यावर स्वतःची टोपॉलॉजी. तरी तुझं पत्र वाचून मला काळजी वाटली नाही. ‘छान सांगता म्हणतात आणि कोरा सोडून येतात’ हे तू स्वतःहून लिहिलंस. नोकरीत मुरलेली कितीतरी माणसं या वाक्याच्या पहिल्या अर्ध्यावर खूश असतात आणि दुसऱ्या अर्ध्याचं खापर मुलांवर फोडून मोकळी होतात.

हार्वर्डच्या एरिक माझूर या भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकांचंही असंच झालं होतं. मुलांचे अभिप्राय उत्तम, परीक्षेतली किचकट गणितं मुलं सोडवायची, त्यामुळे आपण चांगलं शिकवतो अशी त्यांची पक्की समजूत. १९९० च्या सुमारास त्यांनी बल आणि गतीवरचे साधे प्रश्न वर्गाला घातले. आकडेमोड नाही, सूत्र नाही. जड ट्रक आणि हलकी मोटार यांची टक्कर झाली तर कोण कुणावर जास्त बल लावतं, अशा धर्तीचे. तेव्हा वर्गातून एक शंका आली, की उत्तरं तुम्ही शिकवलंत तशी लिहायची, का आम्हाला एरवी वाटतं तशी? न्यूटनचा तिसरा नियम तर सगळ्यांना पाठ होता. निकाल मात्र माझूर यांच्या अपेक्षेपेक्षा फारच वाईट लागला. आपल्या शिकवण्याची पद्धत त्यांनी मुळापासून बदलली ती त्यानंतर.

तुझ्या शिकवणीतल्या पाचही जणांच्या मनात हीच शंका आहे, फक्त ती कुणी तोंडानं विचारलेली नाही. तू सांगतेस ते वहीत उतरतं. त्यांना मुळात वाटत असतं ते जागच्या जागीच राहतं. चाचणीत एकटं बसल्यावर वही जवळ नसते आणि आपल्याला वाटतं त्यावर भरवसा नसतो, म्हणून पान कोरं.

तेव्हा तुझं सांगणं सुधारण्याच्या मागे सध्या लागू नकोस. ते पुरेसं चांगलं आहे. मूल काय विचार करतंय ते ऐकायला शीक. ही संधी आत्ता तुझ्याकडे जितकी आहे तितकी पुढे नसेल. पूर्णवेळ नोकरी लागली की समोर ऐंशी-शंभर मुलं, ४८ मिनिटांचा तास, त्यातली पाचेक हजेरीत गेलेली. तिथे एकेका मुलाच्या डोक्यात डोकावणं होत नाही. चाळिसाव्या वर्षी जो शिक्षक वर्गात उभ्या उभ्या ओळखतो की इथे मुलं अडकणार, त्यानं ते कधीतरी एकेका मुलाशेजारी बसून शिकलेलं असतं. तू आज त्या खुर्चीवर आहेस.

शेजारी बसून काय ऐकू येतं, त्याचा नमुना सांगते. एफवायला लिमिटची एप्सिलॉन-डेल्टावाली व्याख्या आली (एप्सिलॉन म्हणजे उत्तरात चालणारा फरक, डेल्टा म्हणजे त्यासाठी एक्स किती जवळ ठेवायचा ते) की मुलं गडबडतात आणि मग जो तो त्यांना लिमिटच पुन्हा समजावतो. माझ्याकडे आलेल्या एका मुलीला वर्गातल्या दोन मैत्रिणींनी एप्सिलॉन-डेल्टा समजावून झालं होतं, एका गाईडमधून पाठही करून झालं होतं. मी तिला म्हटलं, पहिल्या ओळीपासून सोडव आणि मोठ्यानं बोलत सोडव. तिसऱ्या ओळीवर, मॉडपाशी ती थांबली. (मॉड म्हणजे संख्येचं शून्यापासूनचं अंतर, ते कधीच ऋण नसतं.)

“मॅडम, इथे मॉड एक्स बरोबर मायनस एक्स लिहिलंय. मॉड मायनस कसा येईल?”

“एक्स मायनस पाच धर. मग मायनस एक्स किती?”

“मायनस पाच.”

“लिहून दाखव.”

तिनं एक मायनस काढला. त्याच्यापुढे मायनस पाच लिहायचे, म्हणजे दोन चिन्हं शेजारी शेजारी आली, म्हणून सवयीनं कंस घातला. मग त्या कंसाकडे बघतच राहिली. मी काही बोलले नाही. “अय्या, हे तर प्लस पाच झालं की!”

अक्षराच्या आधी मायनस दिसला की ती संख्या ऋणच, असं ती शाळेपासून धरून चालली होती. मॉडची व्याख्या तिला घडाघडा येत होती, पण ती व्याख्या तिला मनातून खोटी वाटत होती, आणि लिमिटच्या प्रत्येक सिद्धतेत मॉड येतोच. म्हणजे अडचण एप्सिलॉनमध्ये नव्हती, डेल्टातही नव्हती, एका मायनसमध्ये होती. मैत्रिणींनी समजावलेलं चूक नव्हतं, पण नाडी न बघता पाजलेला काढा होता तो. यावर उपाय पाच मिनिटांचा असतो. निदानाला मात्र वेळ लागतो, आणि ते मुलाला बोलतं केल्याशिवाय होत नाही.

बोलतं करायचं तर पहिली गोष्ट, पेन मुलाच्या हातात राहू दे. मूल अडलं की आपला हात आपोआप वहीकडे जातो, ‘आण इकडे, दाखवते’ म्हणून आपण सुंदर अक्षरात गणित सोडवून देतो आणि ते म्हणतं, समजलं. त्याला खरंच समजलेलं असतं, पण तुझं गणित. मिशलिन ची (Chi) या संशोधिकेनं आणि तिच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात एक गमतीचा प्रयोग आहे. शाळकरी मुलांना रक्ताभिसरण शिकवायला शिकवणी घेणारे बसवले आणि त्यांना बजावलं की काहीही समजावून सांगायचं नाही. ‘हे तुझ्या शब्दांत सांग’, ‘म्हणजे काय?’, ‘मग पुढे काय होईल?’ एवढंच विचारायचं. समजावून सांगायला मोकळे सोडलेल्यांकडे मुलं जेवढं शिकली, तेवढीच ती या मुक्या शिक्षकांकडेही शिकली. माझ्यासारख्या बोलघेवड्या बाईला हे वाचून जरा लागलंच!

याचा अर्थ कधी काही सांगायचंच नाही असा नव्हे. व्याख्या सांगावी लागते, चिन्हं सांगावी लागतात, ती कुणाला आतून सुचत नाहीत. पण सांगून झाल्यावर ‘कळलं का?’ विचारू नकोस. त्या प्रश्नाला आपल्याकडे ‘हो’ सोडून दुसरं उत्तर देण्याची पद्धतच नाही. मुलं भिडस्त असतात, शिवाय ताईला वाईट वाटेल हेही असतं. त्याऐवजी काम दे. मॉडचं सांगून झालं की म्हण, एक्स एक असताना मॉड कंसात एक्स मायनस तीन उघडून दाखव. मायनस कंसात एक्स मायनस तीन, म्हणजे दोन, असं पायरीपायरीनं आलं तर कळलं. थेट मायनस दोन आलं तर नाही कळलं. तिथे भीड आड येत नाही.

आणि थांब. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेनं १९७० च्या दशकात विज्ञानाच्या तासांची ध्वनिमुद्रणं ऐकून मोजलं होतं, की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एक सेकंदच वाट बघतात आणि मग स्वतःच बोलायला लागतात. तीन सेकंद थांबलं तर मुलांची उत्तरं लांब होतात, ‘माहीत नाही’ कमी ऐकू येतं आणि एरवी गप्प बसणारी मुलंही बोलतात. तीन सेकंद ऐकायला काहीच वाटत नाहीत. बॅचमध्ये मुलासमोर उभं राहून थांबून बघ, केवढी लांबतात ती.

एक वही कर. साधी, शंभर पानी. शिकवणी किंवा बॅच संपली की घरी जायच्या आत त्यात एखाद्या मुलाचं एखादं वाक्य जसंच्या तसं टिपून ठेव, त्याच्याच शब्दांत. ‘मॉड मायनस कसा येईल?’, ‘झिरो बाय झिरो म्हणजे एक ना?’, ‘दोन्ही बाजूंना एक्सनं गुणलं की झालं.’ हे शेवटचं असमतेच्या गणितात येतं. एक भागिले एक्स दोनपेक्षा लहान आहे, एक्स शोधा. मूल एक्सनं गुणून मोकळं होतं, एक्स अर्ध्यापेक्षा मोठा असं उत्तर काढतं आणि सगळ्या ऋण संख्या हातच्या घालवतं, कारण एक्स ऋण असला तर चिन्ह फिरतं हे त्याच्या गावीही नसतं. चूक टिपताना ‘मुलाचं दुर्लक्ष’ असं लिहू नकोस. त्या मुलाला आपलं बरोबर का वाटलं असेल, तेवढं एका ओळीत लिही. सेमिस्टर संपेपर्यंत तुझ्याकडे असं काही जमेल जे कुठल्याही गाईडमध्ये मिळत नाही. पुढे हाच टॉपिक शिकवायला उभी राहशील तेव्हा तयारीला आधी ही वही उघडशील, पुस्तक नंतर.

आता बॅच. शिकवणीत मूल एकटं असतं, बॅचमध्ये वीस-पंचवीस. तू प्रत्येकाशेजारी बसायला गेलीस तर दोन तासांत पाच मुलं होतील आणि बाकीची त्या पाचांची जर्नल उतरवतील. इथे तुला वेगळं कौशल्य शिकायचंय, आणि त्यासाठी यूरी ट्राइसमन यांची गोष्ट माहीत असावी.

१९७० च्या दशकात अमेरिकेत बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात ते संशोधक विद्यार्थी होते आणि तुझ्यासारख्या शिकवणाऱ्या सहायकांना तयार करण्याचं काम करत होते. कॅल्क्युलसच्या पहिल्या कोर्समध्ये कृष्णवर्णीय मुलं इतकी मागे का पडतात, असा प्रश्न होता. प्राध्यापकांना विचारलं तर उत्तरं ठरलेली: मुलांना इच्छा नाही, पाया कच्चा आहे, घरून पाठबळ नाही, पैसा नाही. (आपल्या स्टाफरूममध्येही हीच चार उत्तरं मिळतील, फक्त मुलं बदलतील.) ट्राइसमन यांनी त्या उत्तरांवर न थांबता मुलांच्या राहत्या जागी जाऊन ती अभ्यास कसा करतात ते बघितलं. कृष्णवर्णीय मुलं अभ्यास भरपूर करत होती, पण एकेकटी. त्याच कोर्समधली चिनी वंशाची मुलं आपापला अभ्यास झाला की एकत्र जमत, एकमेकांचं तपासत, कुणाचं कुठे चुकतंय ते तिथल्या तिथे निघत असे. मग त्यांनी कार्यशाळा सुरू केल्या. त्या ‘कच्च्या मुलांचे जादा तास’ नव्हत्या. मुद्दाम अवघड गणितं द्यायची, ती गटात बसून सोडवायची आणि सहायकानं मधून फिरायचं. मुलांचे निकाल स्पष्टपणे सुधारले.

तुझ्या बॅचमधली निम्मी मुलं आसपासच्या गावांतून एसटीनं येत असतील. साडेचारची गाडी चुकली की साडेसहा. घरी गेल्यावर गणिताबद्दल बोलायला कुणी नाही. म्हणजे ही मुलंही एकेकटीच अभ्यास करतात, आणि बॅचचे दोन तास ही त्यांची एकत्र बसायची एकमेव वेळ आहे. ती जर्नल उतरवण्यात जाऊ देऊ नकोस. चार-चारचे गट कर. गावावरून किंवा मैत्रीवरून नको, तू ठरव. प्रत्येक गटाला एकच कागद आणि एकच पेन दे.

एप्सिलॉन-डेल्टासाठी तर खेळच आहे. फंक्शन दोन एक्स अधिक एक, एक्स तीनकडे जातोय, लिमिट सात. गटातल्या एकानं एप्सिलॉन द्यायचा, दुसऱ्यानं त्याला पुरा पडेल असा डेल्टा द्यायचा, उरलेल्या दोघांनी तपासायचं. पहिला म्हणतो, शून्य पूर्णांक एक. दुसरा म्हणतो, शून्य पूर्णांक शून्य पाच. पहिला आणखी बारीक देतो, दुसरा त्याच्या निम्मं देतो. पाचसहा फेऱ्या झाल्या की कुणीतरी वैतागून म्हणतंच, ‘अरे, तू काहीही दे, मी निम्मं देणार!’ सिद्धता तिथेच झाली. एप्सिलॉन आधी का येतो आणि डेल्टा त्याच्यावर का अवलंबून असतो, हे फळ्यावर कितीही वेळा अधोरेखित केलं तरी जे डोक्यात शिरत नाही, ते हरल्यावर शिरतं. मग त्यांना तेच वाक्य परीक्षेत लिहितात तसं इंग्रजीत लिहायला लाव. मराठीतून कळलेलं इंग्रजीत उतरवण्याचा सराव बॅचमध्येच व्हायला हवा, तो घरी होत नाही.

गटांमधून फिरताना एक पथ्य पाळ. मूल हात वर करून ‘ताई, हे येत नाही’ म्हणालं की लगेच त्याच्या प्रश्नाला हात घालू नकोस. आधी गटातल्या दुसऱ्याला विचार, की याला काय अडलंय, तू सांग. चौघांनाही सांगता आलं नाही तरच बस. आपल्याकडेही हे वळण काही नवं नाही. प्रा. एस. कुमारेसन यांनी १९९३ मध्ये सुरू केलेला एमटीटीएस (मॅथेमॅटिक्स ट्रेनिंग अँड टॅलेंट सर्च) हा गणिताचा उन्हाळी उपक्रम असाच आहे. तिथे शिक्षक सांगत कमी आणि विचारत जास्त बसतात. बॅचमधलं एखादं चुणचुणीत मूल दिसलं तर त्याच्या कानावर हे नाव घालून ठेव.

सरांबद्दल. ‘सरांचं कळत नाही’ याला ‘हो ना’ म्हणालीस तर त्या दिवसापुरती तू लाडकी होशील, आणि आठवडाभरात ते सरांपर्यंत पोचेल. ‘असं बोलू नये’ म्हणालीस तर मूल तोंड मिटेल. दोन्ही नको. ‘सरांनी सांगितलेलं कुठपर्यंत कळलं, वहीत दाखव’ एवढंच म्हण. बहुतेक वेळा कळत सगळंच असतं आणि मधली एक ओळ निसटलेली असते. त्या ओळीचं काम कर. तुझी पद्धत वेगळी असली तर दाखव, पण उत्तर दोन्हींनी एकच येतं हेही तिथेच दाखव. मुलांना जर्नलमध्ये सरांचीच पद्धत लिहायची असते, हे विसरू नकोस.

सरांची पद्धत तुला पटत नाही म्हणतेस. त्यांच्या तासाला शेवटच्या बाकावर जाऊन बसायची परवानगी माग. बसल्यावर सरांकडे बघू नकोस, मुलांकडे बघ. कुठल्या ओळीला पेनं थांबतात, कुठे शेजारच्याच्या वहीत माना वळतात, कुठे सगळी नुसती उतरवतायत. एक-दोन तासांत तुला कळेल की सरांच्या काही गोष्टी तुला वाटत होत्या त्यापेक्षा चांगल्या चालतात आणि काही खरंच चालत नाहीत. दुसऱ्या प्रकारच्या गोष्टी सरांना सांगायची तुझी पायरी नाही, सांगू नकोस. पण विचारू शकतेस. अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठात २००३ पासून पदवीच्याच मुलांना वर्गात सहायक नेमतात. ही मुलं वर्गात मदत करतात, दर आठवड्याला प्राध्यापकांबरोबर बसून पुढची तयारी करतात आणि शिकण्या-शिकवण्यावरचा एक छोटा कोर्सही करतात. तुझ्या वाट्याला यातलं पहिलंच आलंय. दुसरं मागून घे. सरांकडे जा आणि म्हण, “सर, पुढच्या प्रॅक्टिकलला मुलं कुठे अडतील असं तुम्हाला वाटतं? आठवड्यातून पंधरा मिनिटं मिळतील का?” हा प्रश्न कुठल्याही शिक्षकाला आवडतो. मग तुझ्या वहीतली दोन वाक्यं तू त्यांच्यापुढे ठेवू शकतेस, तक्रार म्हणून नाही, मुलांनी विचारलं म्हणून. सर सुज्ञ असतील तर पुढचं त्यांचं ते करतील.

मुलांनी ताई म्हणावं की मॅडम, याचा फार विचार करू नकोस. ‘ओ’वाल्यांना मात्र पहिल्याच वेळी हसून सांग, ‘मला नाव आहे.’ आणि तूही त्यांची नावं पाठ कर. वीस-पंचवीसच आहेत, दोन आठवड्यांत होतात.

एका गोष्टीत मात्र तुला कडक राहायला हवं. शिकवणीला येणारी एफवायची ती तीन मुलं तुझ्याच कॉलेजची, तुझ्याच बॅचची आहेत का? पत्रात तू लिहिलेलं नाहीस. असतील तर या दोन्ही गोष्टी एकत्र चालवू नकोस. ज्यांची जर्नल तपासतेस त्यांच्याकडून फी घेतलीस, की उरलेली मुलं म्हणणार, ताईकडे गेलं की सही लवकर मिळते. तू कितीही चोख असलीस तरी म्हणणारच, आणि त्यांचं तरी काय चुकलं? सरांना स्वतःहून सांग, त्या तिघांची जर्नल सरांनी तपासावीत किंवा तू त्यांची शिकवणी दुसऱ्या कुणाकडे सोपव. परीक्षेत काय येणार याबद्दलचा अंदाज तर बॅचमध्ये अजिबात बोलू नकोस. तुला काही माहीत नसलं तरी तुझ्या तोंडचं वाक्य ‘सरांनी सांगितलं’ म्हणून फिरतं.

पूर्ण तास घ्यायची वेळ आली तर घाबरू नकोस, फार तयारीही नेऊ नकोस. नवीन माणूस ४८ मिनिटांत दीड तासाचं शिकवायला जातो. एक व्याख्या, दोन उदाहरणं आणि मध्ये मुलांना चार मिनिटं स्वतः सोडवायला, बस्स. फळ्याच्या उजवीकडची पट्टी मोकळी ठेव, मुलांच्या शंका तिथे लिहायला. शेवटच्या बाकापर्यंत अक्षर दिसतंय का, ते तास सुरू व्हायच्या आधी स्वतः मागे जाऊन बघून ये.

राहता राहिल्या मैत्रिणी. त्यांचं अर्धं बरोबर आहे. सहायक प्राध्यापक व्हायचं तर एमएस्सीला किमान ५५ टक्के (राखीव प्रवर्गांना ५ टक्क्यांची सवलत) आणि सेट किंवा नेट किंवा पीएचडी लागतेच, आणि बॅचला केलेल्या मदतीचा दाखला मुलाखतीत अनुभव म्हणून धरला जाईल या आशेवर तू राहू नकोस. ‘अजून एक वर्ष, मग अभ्यासाला बसू’ म्हणत तासिका तत्त्वावर वर्षानुवर्षं काढलेली माणसं तुझ्या आसपासही असतील. त्यांच्याशी एकदा बोल.

पण अभ्यास आणि हे काम यांचं वैर आहे असं मला वाटत नाही. महाराष्ट्र आणि गोव्यासाठीची सेट सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेतं. तिच्यात पहिला पेपर ५० प्रश्नांचा आणि १०० गुणांचा, अध्यापन आणि संशोधनाच्या अभियोग्यतेचा असतो. दुसरा तुझ्या विषयाचा, १०० प्रश्न, २०० गुण. गणिताची नेट सीएसआयआर-यूजीसीची, तिथे अध्यापनाचा वेगळा पेपर नाही, थोडी सामान्य अभियोग्यता सोडली तर मदार विषयावर. दोन्हीकडे रिअल अॅनालिसिस आणि लिनिअर अल्जिब्रा भरपूर असतं, आणि ते प्रश्न पाठांतरावर सुटत नाहीत. लिमिटची व्याख्या एफवायच्या मुलांकडून जिने खेळवून घेतली, तिला युनिफॉर्म कंटिन्यूइटीच्या प्रश्नात डेल्टा कशावर अवलंबून आहे हे शोधायला वेळ लागत नाही.

वेळेचं गणित मात्र तुलाच बसवायचंय. शिकवणीत आणखी मुलं घेऊ नकोस, पाच पुरेत. सकाळचे दोन तास रोज सेटचे, त्यात वही तपासणं नाही आणि फोन नाही. बारावीच्या मुलींची शिकवणी फेब्रुवारीत त्यांची बोर्डाची परीक्षा आली की आपोआप संपेल, त्या संध्याकाळीही अभ्यासाला दे. एफवायची बॅच मात्र सेमिस्टर संपेपर्यंत सोडू नकोस. आणि सरांकडे ती पंधरा मिनिटं मागायला याच आठवड्यात जा. एकदा अंतर्गत परीक्षा सुरू झाल्या की ते सुपरव्हिजनच्या चक्रात अडकतील आणि तुला भेटायचे नाहीत.